दत्तमहाराजांचे चार श्वान आणि आमचा मोती



दत्तभक्तहो, आपण रोज महाराजांच्या तसबिरीपुढे हात जोडतो. तीन मुखं, सहा हात, मागे गाय, औदुंबराची सावली आणि पायाशी चार श्वान. हे चार श्वान म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही गुरुवारच्या प्रवचनात वर्षानुवर्षं हेच सांगितलं, पुढेही सांगेन. पण मनात एक प्रश्न राहतोच. वेदांना प्राण्याचं रूप द्यायचं होतं तर हंस होता, गरुड होता, सिंह होता. कुत्रंच का? ज्याला आपण देवघराच्या उंबऱ्याशी अडवतो, श्राद्धाच्या पानावर ज्याची नजर पडू देत नाही, त्यालाच महाराजांनी पायाशी घेतलं. आणि वैश्वदेवात त्याच्या नावाचा घासही आपण काढतोच. असं आहे आपलं!

आणखी गंमत पाहा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी त्यावर केवढं विस्ताराने निरूपण केलं आहे. त्या चोवीसांत कबुतर आहे, अजगर आहे, हत्ती, हरीण, मासा, भुंगा, कोळी, कुंभारमाशीसुद्धा आहे. कुत्रा नाही. जो पायाशी बसला आहे तो गुरूंच्या यादीत नाही! मी याचा अर्थ असा लावतो, की ज्यांच्याकडून शिकायचं ते यादीत गेले आणि ज्याला सांभाळायचं तो पायाशी राहिला. हे ग्रंथात लिहिलेलं नाही, माझ्या पदरचं आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

हे सगळं आज लिहितो आहे त्याला कारण घडलं. गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात माझ्याकडे विषय होता कपोताचा, म्हणजे कबुतराचा. कथा तुम्हाला माहीत आहे. पिल्लं फाशात सापडली, त्यांच्यामागे मादी गेली, आणि रडत रडत कबुतरही आपणहून जाळ्यात पडलं. अतिस्नेहाने असा नाश होतो, असं अवधूत सांगतो. निरूपण संपलं आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. सत्तरी ओलांडलेले, दर गुरुवारी येणारे. म्हणाले, “बुवा, राग मानू नका. टाटाच्या बाहेर फुटपाथवर माणसं कॅन्सरचे कागद उशाला घेऊन झोपतात. माझी मंडळी तिथेच गेली. तुम्ही घरी कुत्र्याच्या कॅन्सरवर पैसे घालताय, आणि इथे बसून आम्हाला कबुतर सांगताय. हे कसं काय?”

सभामंडपात कुणी हसलं नाही. प्रश्न खरा होता. त्यांना मी म्हटलं, “आरती झाल्यावर घरी या. चहा घेऊ.”

आता मोतीबद्दल सांगितलं पाहिजे. लालबागच्या आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर आम्ही पाच माणसं आणि मोती. लॅब्रॅडॉर आणि गावठी यांचं मिश्रण, वय नऊ, वजन बत्तीस किलो. गेल्या वर्षी कार्तिकात तो डाव्या पुढच्या पायाने लंगडू लागला. सूनबाई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधी मुरगळल्यासारखं वाटलं. पाच दिवसांच्या गोळ्यांनी फरक पडेना म्हणून एक्स-रे काढला. खांद्याजवळचं हाड वाळवीने पोखरलेल्या खांबासारखं दिसत होतं. हाडाचा तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं, हाडाचा कर्करोग.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना हा रोग जास्त होतो, पुढच्या पायांत अधिक. छातीचा फोटो स्वच्छ असला तरी डोळ्यांना न दिसणारे कण बहुतेक वेळा आधीच फुफ्फुसांकडे गेलेले असतात. नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांत जातात. पुढे केमो दिली तर हाच काळ दहा-बारा महिन्यांपर्यंत जातो. आम्ही विचारलं, मग पाय काढायचा तरी कशाला? तेव्हा ते म्हणाले, “आजोबा, पाय काढून मी त्याला वर्षं देत नाही. त्याचं दुखणं काढतो. हे हाड आतून फुटत चाललंय. रात्री तो ओरडत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका. कुत्री दुखणं लपवतात.”

घरात दोन रात्री कुणाला धड झोप नव्हती. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं मला अजून आठवतं. त्या म्हणाल्या, “ज्या घरात रोज पादुकांवर पाणी घालतो, त्या घरातला पाय कापायला द्यायचा?” मी कीर्तन-प्रवचन करणारा माणूस, पण या प्रश्नाने मलाही गप्प केलं. वाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. आपला सगळा संप्रदाय पावलांपाशी बसलेला. मग सकाळी पूजेला बसलो असताना मला दिसलं ते मी त्यांना सांगितलं. अहो, पादुका जिथे असतात तिथे पाय नसतो. महाराज गाणगापूरहून निघाले तेव्हा भक्तांपाशी पादुकाच राहिल्या. पाऊल गेलं म्हणून महाराज उणे झाले असं कुणी म्हटलं का? त्यांनी उत्तर दिलं नाही. पण दुपारी आपलं एक जुनं लुगडं काढून त्याची घडी घालून ठेवली. “लागेल त्याला,” म्हणाल्या.

शस्त्रक्रिया परळच्या बैलघोडा इस्पितळात झाली. जुन्या लालबाग-परळकरांना हे नाव वेगळं सांगायला नको. कागदोपत्री ते बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ. पूर्वी ट्रामचे आणि टांग्यांचे घोडे, गाडीचे बैल तिथे यायचे म्हणून लोकांनी बैलघोडा म्हटलं, तेच टिकलं. पशुवैद्यकाचं महाविद्यालयही त्याच आवारात १८८६ मध्ये सुरू झालं. आणि या शहराचं कुत्र्यांशी नातं त्याहून जुनं आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा फोर्टात पारशी रस्त्यावर आले, बाजार बंद पडला, हिंदू-जैनही त्यात उतरले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभं राहिलं. गिरगावात वाढलेल्या कुणीही तिथल्या गाईंना चारा घातलेला असतो. पण त्याच्या मुळाशी कुत्र्यांचा जीव होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अलीकडे, २०२४ मध्ये, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं इस्पितळही सुरू झालं. असो.

पुढचा पाय काढताना खांद्याच्या पात्यासकट काढतात. अर्धं अंग भादरलेलं, काळंनिळं झालेलं, टाक्यांची लांब ओळ. मोती घरी आला तेव्हा नातीने आजीच्या मागे तोंड लपवलं. कुत्र्याच्या शरीराचा जास्त भार पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणून मागचा पाय गेलेल्यापेक्षा पुढचा गेलेल्याला सुरुवातीला अवघड जातं. वळताना तोंडावर पडतो. जिना चढेल, पण उतरता येत नाही. आणि आमची चाळ म्हणजे लाकडी जिना, पायऱ्या झिजलेल्या.

लुगडं तेव्हा लागलं. त्याची झोळी करून छातीखालून घालायची, वर दोन टोकं धरायची आणि वजन आपल्या हातात ठेवून त्याला चालू द्यायचं. ओढायचं नाही, फक्त पडू द्यायचं नाही. जिन्यावरून मात्र मुलगा आणि शेजारचा एक तरुण चादरीत घालून त्याला खाली न्यायचे. दिवसातून चारदा. घरातली फरशी गुळगुळीत, म्हणून दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी चटया टाकल्या. भांडं एका पाटावर ठेवलं, म्हणजे मान फार खाली घालावी लागत नाही. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. ते घेऊन तो दारात अडकायचा आणि आमच्याकडे असा बघायचा, की जणू दार आम्हीच अरुंद केलंय!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उभा राहिला. आम्ही सगळे त्या गेलेल्या पायाकडे बघत होतो. तो बघत होता स्वयंपाकघराकडे, कारण तिथे भाकरी भाजली जात होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उभी राहतातच. धीर सुटतो तो घरच्यांचा. पण रात्री दचकून उठायचा, कण्हायचा. गेलेल्या अवयवाच्या जागी दुखल्यासारखं होतं, तसं माणसांना होतं तसंच. त्याला औषध वेगळं मिळतं. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण चाळीत दोघातिघांनी प्रेमाने सुचवली होती: माणसाची अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आपल्याला साधी वाटणारी गोळी त्याचं यकृत, मूत्रपिंड निकामी करू शकते. आणि देवळातला प्रसादही नको. शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याला विषासारखा ठरू शकतो, आणि पेढ्याने वजन वाढतं. तीन पायांवर एकेक किलो जड होतो. मोतीला मी प्रसाद म्हणून काकडीची फोड द्यायचो. त्याची तक्रार नव्हती.

त्याच आठवड्यात सप्ताह आला. माझं गुरुचरित्राचं पारायण होतं. आता पारायणाचं सोवळं आणि घरात टाके घातलेलं कुत्रं! रात्री अडीच-तीनला त्याला झोळीत धरून गॅलरीत न्यावं लागे, कधी तिथपर्यंत पोहोचत नसे, मग पुसणं, धुणं. चाळीत यावर दोन पक्ष झाले. एका पक्षाचं म्हणणं, बुवांनी यंदा पारायण करू नये. दुसऱ्याचं, कुत्र्याला सात दिवस दुसरीकडे ठेवावं. मी दोन्ही केलं नाही. ज्याला हात लावायचा त्याला लावला, मग आंघोळ केली, मग पोथीला बसलो. मार्गशीर्षातल्या पहाटे तीनदा आंघोळ झाली त्या दिवशीही बसलो. सोवळं पाण्याने होतं, टाळण्याने नाही, असं माझं मत. कुणाचं वेगळं असेल त्यांनी आपापल्या गुरुजींना विचारावं.

चाळिसाव्या अध्यायाशी आलो तेव्हा मात्र वाचताना थांबलो. नरहरी नावाचा कुष्ठाने गांजलेला ब्राह्मण, महाराज त्याला औदुंबराचं वाळकं लाकूड देतात आणि संगमावर लावून रोज तीन वेळा पाणी घालायला सांगतात. लोक हसतात. वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? तो पाणी घालत राहतो. आपण कथेत पालवी फुटली, कुष्ठ गेलं, त्यावर टाळी वाजवतो. मला त्या पहाटे ते मधले दिवस दिसले. पालवी नसलेले. घागर भरायची, ओतायची, परत यायचं. “किती दिवस जगणार आहे तो?” हे मला त्या काळात रोज कुणीतरी विचारत होतं.

आता त्या गृहस्थांकडे येतो. ते खरंच आले. चहा घेतला, मोतीकडे बराच वेळ पाहिलं. मोती कुशीवर वळायची धडपड करत होता. मला म्हणाले, “असा नाही, टाक्यांवर ताण येतो.” उठले, उशी गुंडाळली, पाठीमागे सरकवली, चादरीच्या टोकाला धरून त्याला एका हिसक्यात न वळवता हळूहळू वळवलं. बायकोला चार महिने असंच वळवलं होतं, म्हणाले. मोती शांत झोपला. ते तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. बाराव्या दिवशी टाके निघाले तोवर रोज आले. जाताना दर वेळी एक वाक्य: “मला पटलेलं नाही हो, बुवा.”

त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. टाटाच्या बाहेरची माणसं खोटी नाहीत. मुंबईत कॅन्सर घेऊन येणाऱ्या गरिबाला रोगापेक्षा आधी रात्र कुठे काढायची हा प्रश्न पडतो. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. हेच गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले, की देवाच्या नावावर बकरं कापू नका. त्यांच्या मनात माणूस एका पारड्यात आणि जनावर दुसऱ्यात असा तराजू नव्हता. हे गृहस्थ महिन्यातून एकदा त्या धर्मशाळेत फळं घेऊन जातात, हे मला त्यांच्याशी ओळख वाढल्यावर कळलं. आता मीही त्यांच्याबरोबर जातो. तिथे मोतीबद्दल मी बोललो नाही. तेच बोलले! एका रुग्णाला सांगत होते, “तीन पायांवर जिना चढतो.” तो रुग्ण हसला. त्याचाही एक पाय गुडघ्यावरून काढलेला होता.

आणि कबुतराचं काय? हा मोह नव्हे का? भरतराजाने नदीतून हरणाचं पाडस वाचवलं आणि शेवटी त्याच्याच ध्यासात देह ठेवला, पुढचा जन्म हरणाचा आला. भागवतातलं हे आख्यान मी टाळणार नाही. पण नीट पाहा, भरताने पाडस पाण्यातून काढलं याला भागवत दोष देत नाही. पुढे तो पाडसाखेरीज सगळं विसरला, त्याला देतं. कबुतरानेही पिल्लांसाठी काही केलं नाही. ते फक्त जाळ्यात पडलं. आता दुसऱ्या बाजूला धर्मराज पाहा. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडले. धर्मराजाने मागे वळून पाहिलं नाही. इतका तो निर्मोही झाला होता. तोच माणूस स्वर्गाच्या दारात रथ उभा असताना एका कुत्र्यासाठी अडून बसला. सख्खे भाऊ ज्याला थांबवू शकले नाहीत त्याला कुत्र्याचा मोह पडला म्हणायचं का? नाही. भाऊ पडले तिथे त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुत्रा जिवंत होता, बरोबर आला होता, आणि त्याला टाकणं त्याच्या हातात होतं. म्हणून त्याने टाकलं नाही.

हे बोलणं सोपं आहे. परीक्षा आश्विनात झाली.

मधले महिने मोतीने छान काढले. तिपाई जशी खालच्या-वरच्या जमिनीवरही डगमगत नाही, तसा तो चालायला लागला; पळताना तर चौथ्या पायाची आठवणही राहत नसे. केमो दर तीन आठवड्यांनी, चार वेळा झाली. माणसाइतका त्रास कुत्र्याला सहसा होत नाही, केसही सहसा जात नाहीत. मोतीला एखाद-दुसरा दिवस मळमळ, बस. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस त्याची घाण हातमोजे घालूनच काढायची आणि नातीला लांब ठेवायची, एवढी काळजी घेतली. गणपतीत लालबागची गर्दी त्याने गॅलरीतून पाहिली.

नवरात्र संपताना त्याला दम लागू लागला. फोटोत फुफ्फुसांवर डाग दिसले. सूनबाई म्हणाली, दुसरं औषध असेल तर विचारू. मुलगा म्हणाला, विचारू. मलाही तेच म्हणावंसं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, आहेत औषधं, दिवस थोडे वाढतील, पण दम वाढतच जाईल. त्या रात्री मोती बसून झोपला. आडवं होता येत नव्हतं त्याला. मी त्याच्याजवळ बसलो होतो आणि मला कळत होतं, की आता मी जे मागेन ते त्याच्यासाठी नसेल, माझ्यासाठी असेल. पाय काढला तो त्याचं दुखणं काढायला. आता औषध दिलं तर दुखणं लांबेल आणि आमचा वियोग तेवढा पुढे जाईल. भरताचं हरीण मला त्या रात्री समजलं, इतकी वर्षं निरूपण करूनही.

सकाळी आम्ही डॉक्टरांना शेवटच्या इंजेक्शनबद्दल विचारलं. आपल्यातल्या काहींना हे पटणार नाही. जीव देणारा देव, आपण कोण, असं माझ्या थोरल्या बहिणीनेही मला सुनावलं. मी तिच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हणालो, “ताई, तू त्याला श्वास घेताना पाहिलं नाहीस.” सौभाग्यवतींनी त्याच्या कपाळाला मंदिरातला अंगारा लावला. त्याचं डोकं लुगड्याच्या त्या घडीवर होतं. ते गृहस्थही आले होते. उशी त्यांनीच नीट केली.

आता एक काम राहिलं आहे. मोतीच्या रबरी चटया, पाट, आणि दोन झोळ्या (एक नवीन शिवलेली आहे) धुऊन मंदिराच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. दोन कुटुंबांनी मधल्या काळात नेऊन परतही आणून दिल्या. ज्यांच्या घरी असं जनावर असेल, पाय कुठल्याही कारणाने गेलेला असो, त्यांनी गुरुवारी आरतीनंतर मागाव्यात. पैसे नाहीत. टाके असताना कसं वळवायचं ते विचारायचं असेल तर मागच्या रांगेत बसणाऱ्या त्या गृहस्थांना विचारा. पटलेलं नाही म्हणतील, पण येतील.